‘नगर’ : एका शब्दाची स्थित्यंतरे

१

‘नगर शहर’ ही शब्दयोजना मराठी माणसाला कधी खटकत नाही. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलली तर ती उघड द्विरुक्ती आहे : एक संस्कृत शब्द आणि एक फारसी शब्द, दोहोंचा कोशातील अर्थ एकच. तरीही ‘नगर शहर’, ‘नगर तालुका’ आणि ‘नगर जिल्हा’ या तीन पदांत बोलणाराला तीन भिन्न गोष्टी अभिप्रेत असतात आणि ऐकणाराला त्या बिनचूक कळतात. याचा अर्थ असा की, सह्याद्रीपासून बालाघाटाच्या डोंगररांगांपर्यंत पसरलेल्या या प्रदेशात ‘नगर’ हे सामान्यनाम पूर्णपणे विशेषनाम झाले आहे. पुण्याहून ‘नगरला’ निघालेल्या माणसाला ‘कोणत्या नगरला?’ असे कोणी विचारीत नाही. अहमद निजामशहाने १४९४ मध्ये सीना नदीकाठी वसविलेल्या शहराच्या नावातील संस्थापकाचा अंश लोकव्यवहारात केव्हाच गळून पडला आणि उत्तरपद तेवढे शिल्लक राहिले.

२०२४ मध्ये या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे ‘अहिल्यानगर’ असे करण्यात आले. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान. त्यांचा जन्म १७२५ चा. नामांतराच्या निमित्ताने जी चर्चा झाली तिचा सारा भर साहजिकच पूर्वपदावर होता. कोणाचे नाव जावे, कोणाचे यावे, हा इतिहासाचा आणि राजकारणाचा प्रश्न म्हणून मांडला गेला. उत्तरपदाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. ते सर्वांनीच गृहीत धरले. वास्तविक, पाच शतकांहून अधिक काळ अविचल राहिलेल्या या तीन अक्षरांचा इतिहास पूर्वपदाच्या इतिहासाहून दीर्घ आहे, अधिक गुंतागुंतीचा आहे आणि साहित्यविचाराशी त्याचा संबंधही अधिक निकटचा आहे. संस्कृत, तमिळ, फारसी, बंगाली, जावी, मलय, थाई, ख्मेर आणि मराठी या भाषांत या शब्दाचे जे अर्थ झाले, ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की मराठी समीक्षेत स्थिरावलेल्या ‘नागर’ आणि ‘ग्रामीण’ या कोटींचाही पुनर्विचार करावा लागतो. तो कसा, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

‘नगर’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती ‘नग’ म्हणजे पर्वत या शब्दापासून दिली जाते. पाणिनीच्या एका सूत्रावरील वार्तिकात ‘नग’ शब्दाला ‘र’ प्रत्यय लागून ‘नगर’ सिद्ध होतो, असे सांगितले आहे. पर्वतासारखे उंच प्रासाद जेथे असतात ते नगर, असे तिचे स्पष्टीकरण केले जाते. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांत या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. शब्द मूळचा द्राविडी असण्याची शक्यताही मांडली गेली आहे. या संदर्भात प्राचीन तमिळमधील ‘नकर’ हा शब्द लक्षणीय ठरतो. संघम् वाङ्मयात तो घर, वाडा, राजप्रासाद, देवालय अशा अर्थांनी येतो. म्हणजे तेथे त्याची व्याप्ती वस्तीपेक्षा वास्तूची अधिक आहे. पुढे चोळांच्या शिलालेखांत ‘नगरम्’ हा शब्द व्यापारी वस्ती आणि त्या वस्तीतील व्यापाऱ्यांची सभा या दोन्ही अर्थांनी आढळतो. ब्रह्मदेय गाव चालविणारी ती सभा आणि बाजारपेठ चालविणारे ते नगरम्, अशी ही विभागणी होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही या संस्थात्मक अर्थाची खूण सापडते. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत राजाज्ञा ज्यांना उद्देशून काढली जाते, त्यांच्या यादीत ‘हंयमन’, ‘नगर’, ‘पौर’ आणि ‘त्रिवर्ग’ ही पदे एकत्र येतात. यांतील ‘हंयमन’ म्हणजे पारशांचे ‘अंजुमन’ असावे, असे काही संशोधकांनी सुचविले आहे. ते मान्य केले वा न केले तरी एवढे निश्चित की, येथे नगर हे घरांचा समूह नसून राजा ज्याच्याशी बोलतो असा एक घटक आहे.

संस्कृतात याच शब्दापासून निघालेल्या विशेषणाचे भवितव्य आणखी वेगळे झाले. पाणिनीचे एक सूत्र (४.२.१२८) सांगते की, ‘नगर’ शब्दाला एक विशिष्ट प्रत्यय लागून होणारे ‘नागरक’ हे रूप दोन अर्थच्छटांनी वापरले जाते : निंदा आणि प्रावीण्य. नगरातला म्हणजे लुच्चा, आणि नगरातला म्हणजे निष्णात! व्याकरणकाराने कोणताही नैतिक अभिप्राय न देता भाषेतील एक जुने द्वैत नोंदवून ठेवले आहे. शहराविषयीची भीती आणि शहराविषयीची ओढ ही दोन्ही एकाच प्रत्ययात सामावलेली आहेत. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाचे जे संपूर्ण प्रकरण रचले, त्यात दुसरी छटा पूर्णतः विजयी झालेली दिसते. त्याचा नागरक म्हणजे स्नान, विलेपन, गोष्ठी, कला आणि काव्य यांत दिवस घालविणारा सुसंस्कृत पुरुष. बंगालीत हीच छटा पुढे घसरत गेली. तेथील ‘नागर’ म्हणजे प्रियकर, बहुधा चोरटा प्रियकर. पाणिनीने नोंदविलेली दोन टोके जणू तेथे पुन्हा एकत्र आली.

साहित्यशास्त्राने या शब्दाला पारिभाषिक रूप दिले. उद्भटाने अनुप्रासाच्या अनुषंगाने सांगितलेल्या तीन वृत्तींपैकी एकीचे नाव ‘उपनागरिका’ आणि दुसरीचे ‘ग्राम्या’. विदग्ध नगरस्त्रीशी साधर्म्य असलेली पदरचना ती उपनागरिका, असे तिचे स्पष्टीकरण. पुढे मम्मटाने माधुर्यव्यंजक वर्णांच्या संदर्भात तीच संज्ञा स्वीकारली. दोषप्रकरणात ‘ग्राम्यत्व’ हा शब्ददोष आणि अर्थदोष म्हणून स्थिर झाला. प्राकृत व्याकरणकारांपैकी मार्कंडेयाने अपभ्रंशाचे नागर, उपनागर आणि व्राचड असे भेद केले. म्हणजे काव्य, भाषा आणि आचार या तिन्ही क्षेत्रांत ‘नागर’ हे मूल्यवाचक विशेषण झाले आणि त्याच्या विरुद्ध बाजूला ‘ग्राम्य’ उभे राहिले. हा विरोध भौगोलिक दिसत असला तरी वस्तुतः तो अधिकाराचा आहे. कोणाची वाणी साहित्य म्हणून ग्राह्य, याचा निवाडा तो करतो.

३

या पार्श्वभूमीवर नेवाशाकडे वळले पाहिजे. प्रवरेकाठच्या या गावी १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सिद्ध केली, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा सीनाकाठी निजामशहाचे शहर नव्हते. ते वसण्यास अजून दोन शतके होती. तरी ज्या भूभागाला पुढे ‘नगर जिल्हा’ म्हटले गेले, त्याच भूभागात मराठी काव्याने ‘नगर’ या शब्दाला एक संपूर्ण नवी दिशा दिली, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

ज्ञानेश्वरीतील दोन स्थळे येथे महत्त्वाची आहेत. पहिले दहाव्या अध्यायाच्या आरंभभागातील. आपल्या रचनेचे स्वरूप सांगताना ज्ञानेश्वर देशी भाषेच्या ‘नागरपणा’चा उल्लेख करतात. या नागरपणाच्या बळावर शांतरस शृंगारावर मात करील आणि ओव्या साहित्याचा अलंकार होतील, असा त्यांचा आशय आहे. वरवर पाहता ही कवीची आत्मविश्वासपूर्ण उक्ती आहे. परंतु उपनागरिका आणि ग्राम्या यांचा जो उतरंडीचा संबंध साहित्यशास्त्राने प्रस्थापित केला होता तो ध्यानात घेतला, म्हणजे या एका शब्दाचे धाडस कळते. शास्त्राच्या दृष्टीने ‘देशी’ आणि ‘नागर’ या दोन कोटी परस्परांपासून दूरच्या. देशी म्हणजे प्रदेशाची, लोकांची, शिष्टसंमत व्याकरणाच्या बाहेरची भाषा. नागर म्हणजे विदग्धांची, संस्कारितांची. ज्ञानेश्वर ‘नागरपण’ हे भाववाचक नाम घडवतात आणि ते षष्ठीने देशीला जोडतात. देशीला नागर होण्यासाठी दुसऱ्या कोणत्या भाषेकडे जावे लागत नाही. नागरपण हा तिच्याच अंगचा गुण ठरतो. शिवाय हे नागरपण शृंगाराच्या पक्षाला नाही. वात्स्यायनाचा नागरक ज्या रसाचा अधिष्ठाता, त्याच रसाचा पराभव येथे नागरपणाने होतो. म्हणजे शब्द जुना राहिला, त्याचा वाहक बदलला आणि त्याची निष्ठाही बदलली.

दुसरे स्थळ बाराव्या अध्यायाच्या आरंभीचे. गुरुकृपेला आवाहन करताना ज्ञानेश्वर मराठीची कल्पना एक ‘नगरी’ म्हणून करतात आणि तीत ब्रह्मविद्येचा सुकाळ व्हावा, सर्व देणेघेणे सुखाचेच व्हावे, असे मागणे मागतात. या रूपकाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. नगरी म्हटले की राजा, कोट, प्रासाद ही सामग्री कवीला सहज उपलब्ध असते. येथे तिच्याऐवजी दोन गोष्टी निवडल्या आहेत : ‘सुकाळ’ हा पाऊसपाण्याशी आणि धान्याशी निगडित असा शेतकऱ्याचा शब्द, आणि ‘देणेघेणे’ हा बाजारपेठेचा. चोळांच्या शिलालेखांतील व्यापारी ‘नगरम्’ची आठवण व्हावी, अशी ही देवघेवीची नगरी आहे, परंतु तिची समृद्धी मोजण्याचे माप मात्र शिवारातले आहे. पर्जन्यछायेतील या प्रदेशात सुकाळ आणि दुष्काळ हे शब्द किती जड आहेत, हे तेथील रहिवाशाला वेगळे सांगावे लागत नाही. गाव आणि नगर या द्वैतातील दोन्ही बाजूंची सामग्री एका ओवीत एकत्र आली आहे आणि त्या संयोगाला ‘मराठी’ हे नाव दिले आहे. नगर ही दगडविटांची वस्ती न राहता भाषा हीच वस्ती झाली आहे. भारतीय देशी वाङ्मयांच्या उदयाची चर्चा करताना शेल्डन पोलॉक यांनी ‘द लँग्वेज ऑफ द गॉड्स’ (२००६) या ग्रंथात मार्ग आणि देशी यांच्या संबंधांना मध्यवर्ती स्थान दिले. नेवाशाचे हे उदाहरण असे दाखविते की, देशी वाङ्मय आपले स्थान मागताना मार्गाच्याच परिभाषेतील मोक्याचा शब्द ताब्यात घेते.

४

दोन शतकांनंतर त्याच प्रदेशात शब्दाने आणखी एक वळण घेतले. बहमनी राज्य मोडत असताना जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारच्या परिसरात बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे १४९४ मध्ये तेथेच आपली राजधानी उभारण्यास आरंभ केला. तिला त्याने स्वतःचे नाव दिले. यात नवल नाही. नवल उत्तरपदाचे आहे. फारसी ही दरबाराची आणि इतिहासलेखनाची भाषा असलेल्या सुलतानांच्या समोर ‘आबाद’ हे प्रतिष्ठित उत्तरपद होते. दौलताबाद, भीमेकाठचे फिरोजाबाद, गुजरातेतील अहमदाबाद ही नावे आधीचीच आहेत, आणि हैदराबाद नंतरचे. फारसीत ‘आबाद’ म्हणजे वसलेले, लागवडीखाली आलेले, भरभराटीचे. मराठीनेही ‘आबादी’ आणि ‘आबादानी’ हे शब्द त्याच प्रसन्न अर्थाने आपलेसे केले आहेत. असे असता अहमद निजामशहाने ‘नगर’ निवडले.

या निवडीमागचे कारण कोणत्याही एका गोष्टीत शोधणे धोक्याचे आहे. गुजरातेत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थापन झालेले एक अहमदनगर होतेच. तेच पुढे १९१२ मध्ये हिंमतनगर झाले. दक्षिणेत विजयनगरचा दबदबा होता. ज्याने आपल्या तारुण्यातील काही काळ अहमदनगरात घालविला तो इतिहासकार फरिश्ता सांगतो की, मलिक अहमदचा पिता मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण असून युद्धात कैद होऊन बहमनी दरबारात आला होता. या सर्वांचा नामकरणाशी कार्यकारणसंबंध लावता येत नाही. तथापि एवढे म्हणता येते की, अरबी व्यक्तिनाम आणि संस्कृत उत्तरपद यांचा समास त्या काळच्या दख्खनी कानाला मुळीच विजोड वाटत नव्हता. निजामशाहीत ती रीतही टिकून राहिली. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला त्याचा पुत्र फतेहखान याने ‘फतेहनगर’ हे नाव दिले. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत ते ‘औरंगाबाद’ झाले आणि २०२३ मध्ये ‘छत्रपती संभाजीनगर’. आज ‘आबाद’ परके आणि ‘नगर’ आपले, अशी एक सोपी विभागणी गृहीत धरली जाते. ज्या शहराचे नाव नेमके ‘नगर’ आहे त्या शहराचा इतिहास ही विभागणी मान्य करीत नाही. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहाची फौज विजयनगरच्या विरोधात उभी होती. एकाच उत्तरपदाच्या दोन राजधान्या तेथे समोरासमोर आल्या. शब्दाने कोणाचीही बाजू घेतली नाही.

पूर्वपद गळून उत्तरपद उरण्याची क्रियाही एकट्या या शहराची नाही. कर्नाटकात केळदी नायकांची राजधानी बिदनूर १७६३ मध्ये हैदरअलीने जिंकली आणि तिचे ‘हैदरनगर’ असे नामकरण केले. आज शिवमोग्गा जिल्ह्यातील ते गाव केवळ ‘नगर’ म्हणून ओळखले जाते. अरबस्तानातील यस्रिबचे ‘मदीना’ म्हणजे ‘शहर’ असे नाव झाले, प्राचीन रोम आपल्या रहिवाशांना केवळ ‘ऊर्ब्स’ होते. जे शहर एखाद्या प्रदेशाच्या कल्पनेत एकमेव असते, त्याला विशेषणाची गरज उरत नाही. राज्यकर्ते पूर्वपद देतात. लोक उत्तरपद ठेवून घेतात.

याच शहराच्या व्यवहारात ‘नगर’ला लागून आलेल्या फारसी ‘शहर’चा प्रवास तर नेमका उलट्या दिशेने झालेला आहे. अवेस्तातील ‘ख्शथ्र’ हा संस्कृत ‘क्षत्र’चा सगोत्र शब्द; त्याचा अर्थ सत्ता, राज्य. सासानी काळच्या पहलवीत ‘शहर’ म्हणजे राज्य वा देश, म्हणूनच इराणचे साम्राज्य ‘एरानशहर’. आधुनिक फारसीत मात्र त्याचा संकोच होऊन अर्थ उरला शहर. राजा या अर्थीच्या ‘शहरयार’ शब्दात तेवढी जुनी सत्ता शिल्लक आहे. म्हणजे एक शब्द राज्यापासून निघून शहरापर्यंत उतरला. दुसरा शहरापासून निघून राज्यापर्यंत कसा चढला, हे पाहण्यासाठी समुद्रापलीकडे जावे लागते.

५

आग्नेय आशियात ‘नगर’ संस्कृतबरोबर गेला आणि तेथे त्याची अनेक कुळे झाली. थाई भाषेत ‘नखोन’ या रूपाने तो शहर या अर्थीच राहिला, नखोन रातचासीमा या नावात तो आहे. ख्मेरमध्ये ‘अंकोर’ हे त्याचेच रूप. एका राजधानीचे नाव होऊन बसलेले सामान्यनाम, सीनाकाठच्या ‘नगर’सारखेच. मलय भाषेत ‘नगर’पासून ‘नगारा’ आणि ‘नगरी’पासून ‘नगेरी’ अशी दोन रूपे आली. इंडोनेशियात आज ‘नगारा’ म्हणजे सार्वभौम राज्यसंस्था. ‘नगेरी’ म्हणजे देश. परंतु ‘सकोलाह नगेरी’ म्हणजे सरकारी शाळा, म्हणजे तोच शब्द ‘सरकारी’ असे विशेषणही होतो. मलेशियात ‘नगेरी’ म्हणजे संघराज्यातील घटकराज्य. पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजात ‘नगारी’ म्हणजे मातृवंशीय कुळांची स्वायत्त ग्रामसंस्था. इंडोनेशियाच्या १९७९ च्या ग्रामकायद्याने ती मोडली आणि २००० मधील प्रांतिक नियमाने पुन्हा प्रस्थापित झाली. शहर कोणत्या शब्दाने दाखवितात, तर ‘कोता’ने, म्हणजे आपल्या ‘कोट’ने. मराठीत भुईकोट म्हटले की जो अर्थ मनात येतो त्याला तेथे शहराची बढती मिळाली आणि शहराला राज्याची. ब्रुनेईचे अधिकृत नाव ‘नगारा ब्रुनेई दारुस्सलाम’ असे आहे. संस्कृत आणि अरबी यांचा ‘अहमदनगर’सारखाच निःसंकोच सहवास.

क्लिफर्ड गीर्त्झ यांच्या ‘नगारा’ (१९८०) या बालीविषयक ग्रंथाने या शब्दाला समाजशास्त्रीय चर्चेत स्थान मिळवून दिले. राजवाडा, राजधानी, राज्य, सत्तेचा प्रभावप्रदेश असे सर्व अर्थ एकाच शब्दात कसे सामावतात आणि राज्य हे वैभवाच्या प्रदर्शनातून कसे साकार होते, हे त्यांनी दाखविले. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्या विवेचनातील एक आनुषंगिक बाब अधिक मोलाची आहे. जावा-बालीत ‘नगारा’च्या विरुद्ध ‘ग्राम’ हा शब्द येत नाही, ‘देसा’ येतो. संस्कृत ‘देश’ तेथे खेडे झाला. थाईमध्ये याच कुळातील ‘प्रदेश’चे ‘प्रथेत’ झाले आणि त्याचा अर्थ राष्ट्र. म्हणजे थाईत नगर हे शहर आणि प्रदेश हे राष्ट्र. इंडोनेशियात नगर हे राष्ट्र आणि देश हे खेडे. एकाच कोशातून घेतलेल्या दोन सोंगट्यांनी दोन पटांवर जागांची अदलाबदल केली आहे. प्रपंच या जावी कवीच्या १३६५ मधील प्रसिद्ध काव्याला ‘नागरकृतागम’ आणि ‘देशवर्णन’ अशी दोन नावे आहेत. कवीने स्वतः दिलेले नाव दुसरे. सत्तेचे केंद्र आणि भोवतालची खेडी यांपैकी काव्याचा विषय कोणता, असा प्रश्न जणू त्या दोन नावांतच उभा आहे.

शब्दाचा अर्थ त्याच्या अंगभूत गुणाने ठरत नाही, व्यवस्थेतील इतर शब्दांशी असलेल्या भेदाने ठरतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आता सुपरिचित आहे. ‘नगर’ हा त्याचा ठसठशीत पुरावा मानता येईल. समोर ‘ग्राम’ असेल तर ते शहर, ‘देसा’ असेल तर राज्य, ‘आबाद’ असेल तर सुलतानाची एक निवड, ‘शहर’ असेल तर विशेषनाम. परंतु केवळ भेदाचा हा सिद्धान्त पुरेसा नाही. जागांची ही अदलाबदल आपोआप घडलेली नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी, कोणत्यातरी गरजेपोटी ती केली आहे. बालीच्या राजांना राज्याचे प्रदर्शन मांडायचे होते, मलय राष्ट्रांना वसाहतोत्तर राज्यसंस्थेसाठी नाव हवे होते, ज्ञानेश्वरांना मराठीसाठी साहित्यात जागा हवी होती.

या दृष्टीने एक ऐतिहासिक घटना अन्वर्थक वाटते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. तेथे जवाहरलाल नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील उर्दू पत्रे. नेहरूंच्या ग्रंथात आग्नेय आशियाशी असलेल्या भारतीय संबंधांचा आढावा आहे आणि त्यात अंकोरचेही वर्णन आले आहे. ‘नगर’च्या कोटात बसून ‘अंकोर’विषयी लिहिले जात होते, एका शब्दाची दोन रूपे एका कोठडीत भेटत होती. लिहिणारे मात्र स्वतः ‘नागरिक’ नव्हते, परक्या सत्तेचे कैदी होते.

६

‘नागरिक’ हा शब्दही या इतिहासाचाच भाग आहे. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात तो भारताच्या प्रत्येक व्यक्तीला लागू होतो. अकोले तालुक्यातील डोंगरवस्तीवरचा आदिवासी शेतकरी आणि नगरच्या माळीवाड्यातील दुकानदार हे दोघे सारखेच नागरिक आहेत. व्युत्पत्तीने पाहिले तर पहिल्याला हा शब्द लागूच होऊ नये. लॅटिन ‘सिव्हिस’, उर्दू ‘शहरी’ याही शब्दांचे हेच आहे : शहराच्या अधिकारांना देशाचा विस्तार मिळाला. इंडोनेशियात नागरिकाला ‘वर्ग नगारा’ म्हणतात. शिलाहारांच्या ताम्रपटांतील ‘नगर’ आणि ‘त्रिवर्ग’ ही पदे आठवावीत, असा हा योग आहे. ‘नागर’ हे विशेषण ज्या काळी ग्राम्याला वगळून उभे होते, त्याच धातूतून निघालेला शब्द आज सर्वांना सामावून घेतो. वगळण्याच्या शब्दातून समावेशाचा शब्द घडला, ही लोकशाहीने भाषेत केलेली दुरुस्ती म्हणता येईल.

साहित्यसमीक्षेत ही दुरुस्ती अपुरी राहिली. १९७० नंतरच्या दशकात ग्रामीण साहित्याच्या चळवळीने मराठीतील मध्यमवर्गीय, शहरी अनुभवविश्वाच्या वर्चस्वाला आव्हान दिले. आनंद यादवांच्या ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ (१९७९) या ग्रंथाने तिला सैद्धान्तिक बैठक देण्याचा प्रयत्न केला. याच काळात भालचंद्र नेमाड्यांनी देशीयतेची मांडणी केली. या दोन्ही विचारांचे ऐतिहासिक कार्य मोठे आहे. परंतु त्यांच्या प्रसाराबरोबर ‘नागर’ हे विशेषण समीक्षेत उपरे, कृत्रिम, पांढरपेशे या अर्थी रूढ होत गेले, आणि ‘देशी’ त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवले गेले. म्हणजे साहित्यशास्त्राने घातलेली उतरंड उलटी झाली; मोडली गेली नाही. पाणिनीच्या सूत्रातील प्रावीण्य मागे पडले आणि निंदा पुढे आली, एवढाच फरक. ग्राम्यत्व हा दोष मानणारी दृष्टी आणि नागरत्व हा दोष मानणारी दृष्टी, दोघींनाही नगर आणि गाव यांच्यामधली भिंत आवश्यक वाटते.

नेवाशात तेराव्या शतकात झालेली अर्थक्रिया या भिंतीच्या विरुद्ध साक्ष देते. देशीलाच नागरपण आहे, असे म्हणणारा कवी देशीची बाजू घेतो, पण ‘नागर’ हा शब्द शत्रूच्या हवाली करीत नाही. तो त्यातील वैदग्ध्य, नेटकेपणा, सौंदर्य हे सारे देशीसाठी मागून घेतो. पुढच्या मराठी कवितेतही ‘नागर’ हा सुंदर, साजिरा या अर्थाने विठ्ठलाच्या आणि कृष्णाच्या वर्णनात सहज रुळला, तो या मागणीनंतरच्या वाटेवर. देशीवादाच्या आजच्या अभ्यासकाला हा वारसा स्वीकारायचा असेल, तर ज्ञानेश्वरांच्या त्या समासासारख्या योजनेचा विचार टाळता येणार नाही. ग्रामीण बोलीत लिहिणाऱ्या लेखकाच्या कारागिरीची चर्चा ‘अस्सलपणा’च्या निकषावर संपविण्याची सवय समीक्षेला लागली आहे, त्या लेखकाच्या ‘नागरपणा’ची, म्हणजे त्याच्या घडणीच्या कौशल्याची, चिकित्सा क्वचितच होते. ज्या लेखकाला अस्सल म्हणून गौरविले जाते त्याचे कलावंतपण अशा गौरवात हरवते. हे नुकसान सैद्धान्तिक नाही. त्याचा फटका प्रत्यक्ष पुस्तकांच्या वाचनाला बसतो.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ‘नगर पंचायत’ ही संज्ञा घटनेत आणली. इंग्रजी संहितेतही हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण होत असलेल्या वस्तीसाठी ही संस्था, अशी तिची व्याख्या आहे. ‘नगर’ आणि गावगाड्यातील ‘पंचायत’ यांचा हा समास कायद्याने दोन्हींच्या मधल्या अवस्थेला दिलेले नाव आहे. जिल्ह्यात अशा नगर पंचायती आहेत, आणि त्यांपैकी एक नेवासे येथे आहे. जेथे मराठीला प्रथम नगरी म्हटले गेले, ते गाव आज कायद्याच्या भाषेत संक्रमणात आहे. शिवारातल्या सुकाळाची आणि बाजारातल्या देवघेवीची दोन्ही मापे तेथे अजून वापरात आहेत.